शेवट सकाळी सांगायचा

शेवटचं आम्ही दोघांनी मिळून जे काम केलं ते लसूण सोलायचं. हे काय लिहिण्यासारखं आहे, असं कुणी म्हणेल. पण खरं तेच आहे, म्हणून तिथूनच सुरू करतो.

भिंगारला आमच्या दोन खोल्या आहेत, पुढं ओटा आहे. सूनबाईला लोणच्यासाठी लसूण हवा होता. माझी बायको सुभद्रा गड्डे फोडून पाकळ्या सुट्या करत होती आणि मी साल काढत होतो. म्हणजे काढतोय असं दाखवत होतो. माझी एक पाकळी होईपर्यंत तिच्या चार व्हायच्या. डाव्या अंगठ्याचं नख तिनं सगळा जन्म वाढवलेलं ठेवलं होतं. त्याचं कारण पुढं सांगतो.

तेवढ्यात आमची नात ऋतुजा कॉलेजातून आली. पायातली चप्पल काढायच्या आधीच म्हणाली, "आबा, आमच्या बाईंनी घरचा अभ्यास दिलाय. फिल्म, पिक्चर, सिनेमा, मूव्ही, टॉकीज, हे सगळे इंग्रजी शब्द एकाच गोष्टीला आहेत, तर त्यांच्यात फरक काय ते लिहून आणा म्हणाल्या."

मी म्हणालो, "फरक कसला? एकच हाय सगळं."

सुभद्रा लसणातनं मान वर न करता म्हणाली, "एकच कसं? शेळीनं खाल्ली ती फिल्म हुती. पिक्चर न्हवता खाल्ला."

ऋतुजानं वही उघडली ती तिथं. मी आणि सुभद्रानं त्या दुपारी तिला जे सांगितलं ते तिनं लिहून घेतलं. पुढं घरात जे व्हायचं ते झालं, दिवस झाले, आणि मग तिनं तो अभ्यास दिला. बाईंनी वाचला आणि आजोबांना दिवाळी अंकासाठी लिहायला सांग, असा निरोप धाडला. मी सातवी नापास माणूस. ऱ्हस्व-दीर्घ नातीनं तपासलंय. चुका राहिल्या असतील तर तिच्या.

तर मी टुरिंग टॉकीजचा ऑपरेटर. आताच्या पोरांना टुरिंग टॉकीज ठाऊक नाही, म्हणून सांगतो. तंबूतलं थेटर. दसऱ्याला निघायचं आणि अक्षय तृतीयेपर्यंत गावोगाव फिरायचं. एका गावात आठ दिवस, दहा दिवस. चारी बाजूंनी कनात, पुढं पांढरा पडदा, मधोमध एक दोर आणि दोराला कापड. दोराच्या एका अंगाला बाप्ये, दुसऱ्या अंगाला बायका. मागं पत्र्याची केबिन, तिच्यात मशीन आणि मी. पावसाळ्यात तंबू घडी करून राहात्याला आमच्या मालकाच्या, शेठच्या गोडाऊनमध्ये जायचा आणि मी मिळेल ते काम करायचो.

शेळीची गोष्ट घोडेगावची. तिथला जनावरांचा बाजार मोठा, म्हणून बाजारतळाच्या कडेला आम्ही तंबू ठोकला होता. सकाळची वेळ. मी बाहेर उन्हात स्टुलावर बसून फिल्म तपासत होतो. फिल्म म्हणजे पट्टी. हाताला लागते, कडेनं बारीक भोकं असतात, उन्हापुढं धरली तर एकामागं एक सारखीच चित्रं दिसतात. एका पिक्चरची चौदा-पंधरा रिळं लोखंडी पेटीत घालून एसटीच्या टपावर यायची. आमच्याकडं येईपर्यंत त्या फिल्मनं निम्मा महाराष्ट्र पाहिलेला असायचा. कुठं फाटलेली, कुठं ओरखडलेली. ती जोडायची, हे ऑपरेटरचं सकाळचं काम. मी जोडत होतो आणि एक टोक खाली लोंबत होतं. मागून एका काळ्या शेळीनं ते तोंडात घेतलं आणि चघळायला लागली. मला कळेपर्यंत दोन हात फिल्म तिच्या पोटात.

शेळीमागं एक मुलगी धावत आली. तिनं शेळीच्या जबड्यात हात घालून उरलेलं ओढून काढलं आणि मला विचारलं, "आमची शेळी मरंल का?"

मी म्हणालो, "शेळीचं ठाऊक न्हाई. माझी नोकरी मरंल."

"काय व्हतं त्यात?"

मी तुटलेलं टोक उन्हापुढं धरलं. बाई बैलगाडीतून उतरते आणि सासरच्या घरात जाते, एवढं शेळीनं खाल्लं होतं. मी तसं सांगितलं. मुलगी म्हणाली, "मंग काय लई न्हाई खाल्लं. घरात गेली हे समद्यांना कळतंच की."

संध्याकाळी खेळ लावला. बाई बैलगाडीत बसलेली होती, आणि पुढच्या क्षणाला चुलीपुढं बसून फुंकणी फुंकत होती. हजारभर माणसं बसली होती, कुणी हूं की चूं केलं नाही. फक्त बायकांच्या अंगाकडून एक मुलगी खदखदून हसली. मशीनच्या खडखडाटात मला ते ऐकू आलं.

ती सुभद्रा. शेळी जगली. फिल्म गेली आणि पिक्चर राहिला, हे ती तेव्हापासून म्हणायची. ऑपरेटर कधी पिक्चर तुटला म्हणत नाही, फिल्म तुटली म्हणतो. आणि पब्लिक कधी फिल्म पडली म्हणत नाही, पिक्चर पडला म्हणतं. पेटीत असते ती फिल्म. माणसं घरी घेऊन जातात तो पिक्चर.

लग्नाला तिचे वडील तयार नव्हते. शिनेमावाल्याला पोरगी द्यायची म्हंजी पाव्हन्यात त्वांड दाखवायचं कसं, हे त्यांचं म्हणणं. वर्षभर ते अडून बसले. आणि गंमत बघा, पुढच्या साली घोडेगावात आमचा तंबू लागला तेव्हा हाच माणूस आठ दिवसांत पाच वेळा येऊन बसला आणि उठताना मला म्हणाला, "पिक्चर झ्याक हुता, पाव्हनं." त्या पाव्हनं म्हणण्यात होकार होता. तेव्हापासून माझ्या ध्यानात आलं, माणूस रागात असला की सिनेमा म्हणतो. सिनेमानं पोरं बिघडली, सिनेमाच्या नादी लागला. सरकारी कागदावर सिनेमा, मास्तरांच्या तोंडी सिनेमा. मायेत असला की पिक्चर म्हणतो. हा फरक ऋतुजाच्या बाईंना आवडला म्हणे.

लग्नानंतर शेठनं सुभद्रेला बायकांच्या दारावर उभं केलं. मेहरबानी नव्हती ती. दारावर बाई असल्याशिवाय गावातल्या बायका तंबूत यायच्या नाहीत. तिचं काम असं. खेळ सुरू झाला तरी उशिरा येणाऱ्या बायका असतात, पोरांना निजवून, भांडी घासून येतात. त्यांना आत घ्यायला ती पहिलं रीळ संपेपर्यंत दारावर उभी. आणि शेवटाच्या दहा मिनिटं आधी बाहेर जाऊन कनात वर करून कंदील धरायचा. कारण नियमच होता, आधी बायका बाहेर, मग बाप्ये. गर्दीत बायकांना धक्का लागला असा एक बोभाटा झाला की त्या गावात टॉकीज परत लागत नसे. शेवट जवळ आला की मी केबिनच्या पत्र्यावर आतून दोनदा टकटक करायचो. ती उठून बाहेर जायची.

म्हणजे सुरुवात नाही आणि शेवटही नाही. अर्ध्या जिल्ह्यातल्या बायकांना तिनं पिक्चर दाखवले, स्वतः एकही अख्खा पाहिला नाही.

माझं तरी काय. लोक म्हणायचे, तुझं बरं आहे, फुकट पिक्चर. अरे, ऑपरेटर पिक्चर बघत नाही. तो उजेड बघतो. त्या काळी मशीनमध्ये बल्ब नसायचा, दोन कार्बनच्या कांड्या समोरासमोर धरून त्यांच्यात वेल्डिंगसारखी ठिणगी पेटवायची. कांड्या जळत जातात, त्यांच्यातलं अंतर हातानं राखावं लागतं. जरा दुर्लक्ष झालं की पडद्यावर अंधार आणि तंबूत शिट्ट्या. बारीक चौकोनी भोकातून पडद्यावर नजर, हात कांड्यांच्या चाकावर, आणि समोर कोण रडतंय कोण हसतंय याच्याशी आपलं देणंघेणं नाही. माझ्या हयातीत पडदा पांढरा पडला असा प्रसंग बोटांवर मोजण्याइतका. हे मी फुशारकीनं सांगतो, सांगू द्या.

पण तिच्यामुळं मला शेवट बघावा लागायचा. त्याचं असं. फिल्म एकदा चालवली की रिळावर उलटी होऊन बसते. शेवट बाहेर, सुरुवात आत. ती परत गुंडाळल्याशिवाय दुसऱ्या दिवशी लावता येत नाही. हे काम सकाळी तंबूच्या सावलीत. ती हँडल फिरवायची, मी दोन बोटांत फिल्मची कड धरून बसायचो. कुठं फाटलं असलं की बोटाला कळतं. मी म्हणायचो थांब, ती थांबायची. फिल्म ओठाला लावून बघायची. चित्राची बाजू ओल्या ओठाला किंचित चिकटते, दुसरी चिकटत नाही. मग चित्राच्या बाजूचा थर अंगठ्याच्या नखानं खरवडून काढायची, फिल्म चिकटवायचं सिमेंट लावायचं आणि दाबून धरायचं. ब्लेडनं मी खरवडायचो तेव्हा कडेची भोकं दुखावायची, तिच्या नखानं कधी दुखावली नाहीत. पुण्याच्या एका कंपनीच्या माणसानं आमच्याकडून गेलेली फिल्म पाहून कुठला कारागीर ठेवलाय म्हणून विचारलं होतं. शेठनं त्याला माझं नाव सांगितलं. मी गप्प बसलो. ते बरोबर केलं नाही.

तर सकाळी पहिलं रीळ हातात यायचं ते शेवटाचं. ती हँडल फिरवत विचारायची, "मंग? काय झालं शेवटाला?" आणि मी सांगायचो. खेळ संपल्यावर लगेच विचारायची नाही. बायका गेलेल्या, चपला-पोरं शोधून दिलेली, दमलेली असायची. शेवट सकाळी सांगायचा, असं आमचं ठरूनच गेलं. सुरुवात तिची तिला मधल्या भागावरून कळायची.

आता एक चूक सांगतो, ती आमच्या धंद्यातच होऊ शकते. पाथर्डीकडच्या एका गावात होतो. ऊसतोडीला जायचे दिवस जवळ आलेले, ट्रक ठरलेले, भांडी-पोती बांधलेली. गाव जायच्या आधी पिक्चर बघून घ्यावा म्हणून सगळं लोटलं होतं. रिळांच्या डब्यांवरचे आकडे पुसट झाले होते. माझ्या हातून शेवटची दोन रिळं उलटसुलट लागली. म्हातारा बाप आधी मेला, त्याला खांदा दिला, तंबूत बायकांचं रडं सुरू झालं. आणि पुढच्या रिळात म्हातारा अंगणात बसून भाकरी खातोय, नातवाला ओरडतोय. तिथंच खेळ संपला.

मला वाटलं, आता तंबू पाडणार. पण माणसं डोळे पुसत, हसत बाहेर पडली. एक मुकादम केबिनपाशी आला. मी हात जोडायच्या तयारीत. तो म्हणाला, "म्हातारा वाचला ते लई ग्वाड झालं. आमी सा महिनं घर सोडून चाललो, म्हातारी मानसं हितंच राहनार. उद्याबी असंच लावा, ज्यांनी बघितला न्हाई ते येत्याल."

दुसऱ्या दिवशी मी तसाच लावला. फिल्म चुकीची, पिक्चर बरोबर. ऑपरेटरच्या आयुष्यात असं मुद्दाम केलेलं एकदाच. म्हणजे मशीनवर एकदाच.

आता जे लिहायचं ते जरा अवघड आहे.

आमची पहिली मुलगी मंदा. तंबूतच वाढली. फिल्मच्या पेटीवर गोधडी टाकून झोपायची, मशीनच्या आवाजाशिवाय तिला झोप यायची नाही. तीन वर्षांची असताना शेवगावकडच्या मुक्कामात तिला ताप आला. बैलगाडी करून तालुक्याला निघालो, वाटेतच गेली. त्या दिवशी खेळ बंद ठेवला. दुसऱ्या दिवशी लावला. सुभद्रा दारावर उभी राहिली. बायका आत जाताना तिच्या पाठीवर हात ठेवून जायच्या. ती म्हणायची, पुढं सरा, मागं गर्दी हाय.

चार महिन्यांनी एक पिक्चर आला. जत्रेत एक लहान मुलगी हरवते, आणि आई अख्खा पिक्चर तिला शोधत फिरते. मधला भाग सुभद्रा बघायची. बघताना तिनं पदर तोंडात धरलेला मला केबिनच्या भोकातून दिसायचा. पहिल्या खेळाला शेवट मलाही ठाऊक नव्हता. शेवटचं रीळ लावायच्या आधी मी ते उलगडून मागचा तुकडा कार्बनच्या उजेडापुढं धरून पाहिला. नदीचा काठ होता, माणसं वाकलेली होती, आणि आईच्या हातात मुलीचा फ्रॉक होता.

त्या दिवशी मी टकटक लवकर केली. दहा मिनिटांच्या जागी पंधरा. ती कंदील घेऊन बाहेर गेली.

सकाळी हँडल फिरवताना तिनं विचारलं, "मंग? घावली का पोरगी?"

मी म्हणालो, "घावली."

"कुठं?"

"एका धनगराच्या वाड्यावर. त्यानं जत्रेत पाहिली, रडत होती, घेऊन गेला. खाऊ घातलं, दूध दिलं."

ती हँडल फिरवत राहिली. मग म्हणाली, "दूध कसलं? शेळीचं?"

"शेळीचं."

"मानवतं लेकरांना," ती म्हणाली.

त्या गावात तो पिक्चर आठ दिवस चालला. रोज सकाळी ती तेच विचारायची आणि मी रोज थोडं नवीन सांगायचो. धनगराच्या बायकोनं तिला केसाला तेल लावलं. मेंढीच्या पिल्लाशी खेळली. आई आली तेव्हा पोरगी झोपलेली होती. आठव्या दिवशी फिल्म पेटीत भरली आणि पुढच्या गावी धाडली. मला वाटलं, सुटलो.

पण नाही सुटलो. पुढं वर्षभरानं केव्हातरी लक्षात आलं. ती दारावर कंदील धरून उभी असायची आणि अख्ख्या गावाच्या बायका तिच्या पुढ्यातून बाहेर पडायच्या. डोळे पुसत, एकमेकींना सांगत. पोरगी नदीत गेली हे आठ दिवस तिच्या कानावर पडलं नसेल का? का तिनं मला विचारलं नाही, का माझं खोटं पकडलं नाही? हे मी तिला पन्नास वर्षं विचारू शकलो नाही. खोटं बोललो याचं दुःख नाही. तिला ते खोटं कळलं असेल आणि तिनं ते एकटीनं गिळलं असेल, याचं होतं.

बाकी धंद्याचं थोडक्यात. टीव्ही आला, तंबू बसला. मग राहात्याला पक्क्या टॉकीजमध्ये ऑपरेटर झालो. तिथं खुर्च्या होत्या, पंखे होते, मशीनं दोन होती, पण बायकांचं दार वेगळं नव्हतं, म्हणून सुभद्रा घरी बसली. पुढं मुलगा झाला, तो इथं नगरला एमआयडीसीत लागला आणि आम्ही भिंगारला आलो. टॉकीज बंद पडलं. शेवटची पेटी एसटीवर चढवली तेव्हा मी कंडक्टरला सांभाळून न्या म्हणालो. तो म्हणाला, काका, काय अंडी आहेत का त्यात.

मूव्ही काय असते ते आम्ही एकदाच पाहिलं. ऋतुजानं आम्हाला त्या मोठ्या थंडगार थेटरात नेलं. मी बसल्या बसल्या मागं वळून भोक शोधलं. भोक होतं, आत माणूस नव्हता. ऋतुजा म्हणाली, आबा, कॉम्प्युटरवर लागतं सगळं. मी म्हणालो, मग हिला मूव्हीच म्हणा, हिला ऑपरेटर लागत नाही. आणि शेवट जवळ आला तशी सुभद्रा उठली. अंधारात पायऱ्या उतरून दाराशी गेली आणि दार धरून उभी राहिली. गणवेशातला पोरगा तिला सांगायला लागला, आजी, तुम्ही बसा, हे माझं काम आहे. ती त्याला म्हणाली, "मंग आदी बायकांना सोड." लोक बाहेर पडले, दोन-चार बायकांनी तिला थँक्यू म्हटलं. ती लई खूश होती त्या दिवशी. मूव्ही कशाची होती ते पुढं दोघांनाही आठवलं नाही.

घरी टीव्ही बघतानाही तिचं तेच. शेवटाच्या आधी मी चेष्टेनं वाटीवर नाहीतर खाटेवर दोनदा टकटक करायचो, आणि ती उठून ओट्यावर जाऊन उभी राहायची. सूनबाई हसायची. सकाळी चहा पिताना सुभद्रा विचारायची, मंग? आणि मी सांगायचो.

त्या लसणाच्या दुपारी शब्द लिहून झाल्यावर ऋतुजानं टीव्ही लावला. चॅनेल बदलता बदलता जत्रा दिसली, पाळणा दिसला, आणि लाल फ्रॉकातली मुलगी. मी ओळखलं. सुभद्रेनंही ओळखलं, कारण तिचा लसणावरचा हात थांबला. मी नातीला चॅनेल बदल म्हणणार होतो. सुभद्रा म्हणाली, "राहू दे."

आम्ही तिघं बसून बघितला. सूप मध्ये होतं, लसूण सोलणं चालू होतं. शेवट जवळ आला. मला रिळाच्या हिशेबानं बरोबर कळतं, आता नदी येणार. आणि मी टकटक केली नाही. हात मांडीवर दाबून धरला. म्हटलं, बघू दे तिला. आपण ऐंशीला टेकलो. बघू दे आणि काय बोलायचं ते बोलू दे. शिव्या घालू दे.

तिनं थोडा वेळ वाट पाहिली. माझ्याकडं बघितलं. मग स्वतःच्या त्या नखानं सुपाच्या काठावर दोनदा टकटक केली आणि गुडघ्यावर हात देऊन उठली.

ऋतुजा म्हणाली, "आजी, बस ना, शेवट तर बघ."

"शेवट मला सकाळी कळतो," ती म्हणाली. दाराशी जाऊन तिनं कडी काढली आणि वळून नातीला म्हणाली, "टीव्हीवाल्यांपरीस ह्यांचा बरा असतो."

ती ओट्यावर उभी राहिली. आत नदी आली, वाकलेली माणसं आली. नात डोळे पुसत होती. मला पडद्यावरचं काही दिसत नव्हतं. दारातून सुभद्रेची पाठ दिसत होती, आणि पन्नास वर्षांचं माझं ओझं असं एका वाक्यात खाली ठेवलं गेलं होतं. तिला ठाऊक होतं. पहिल्या खेळापासून ठाऊक होतं. तिनं ते गिळलं नव्हतं. तिनं ते ठेवून घेतलं होतं, माझ्याकडून मिळालेलं.

टीव्ही बंद झाल्यावर ती आत आली. सूप उचलता उचलता मला म्हणाली, "अहो, घावली ते मला म्हाईत हाय. आता म्होरचं सांगा सकाळी. घरी आल्यावर काय झालं तिचं."

नात म्हणाली, "कोण घावली? ती तर गेली ना?"

"तू फिल्म बघितली," सुभद्रा तिला म्हणाली. ऋतुजाच्या वहीतलं ते शेवटचं वाक्य आहे.

रात्री पडल्या पडल्या मी पुढचं जुळवत होतो. बऱ्याच वर्षांनी काम मिळाल्यासारखं वाटलं. जुळवता जुळवता झोप लागली.

सकाळी मला जाग आली तेव्हा ती उठलेली नव्हती. लग्न झाल्यापासून मी कधी तिच्या आधी उठलो नव्हतो. हात लावला, आणि कळलं. डॉक्टर नंतर म्हणाले, झोपेतच, काही कळलं नसेल. तिच्या बोटांना लसणाचा वास होता.

पलीकडच्या खोलीत मुलगा होता, सून होती. हाक मारायला हवी होती. मी मारली नाही. तिच्याजवळ खाटेवर बसलो आणि सांगायला लागलो. पोरगी घरी आली. शाळेत गेली, अक्षर चांगलं होतं तिचं. सायकल शिकताना पडली, गुडघा फुटला, पण रडली नाही. माणसांना घाबरायची नाही, दारात उभी राहून सगळ्यांशी बोलायची. नेवाशाला दिली, माणसं चांगली मिळाली. तिलाही एक मुलगी झाली. आता कधी येते, ओट्यावर बसते, आईच्या मांडीवर डोकं ठेवते, एवढी मोठी झाली तरी. आणि त्या धनगराला विसरली नाही. दिवाळीला त्याच्याकडं जाते, तो अजून तिला वाटीभर दूध देतो.

इथं सुभद्रेनं विचारलं असतं. मी थोडा थांबलो. मग मीच म्हणालो, शेळीचं.

खाटेच्या नळीवर दोनदा टकटक केली. उठलो आणि दार उघडलं.